तेल व ग्रीस : आढळले नाही

पाणी तपासणाऱ्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, "पिऊ का?" क्षार किती, क्लोराइड किती, नायट्रेट किती हे आम्ही कागदावर लिहून द्यायचो, आणि समोरचा माणूस तो कागद उलटासुलटा बघून पुन्हा तेच विचारायचा. बारामतीच्या त्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. मी मूळची इंदापूरची. त्यामुळे कालव्याचं गोड पाणी पिणारे आणि बोअरचं मचूळ पाणी पिणारे अशा दोन्ही लोकांची भाषा मला कळायची.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ पणदऱ्याहून आले आणि म्हणाले, "आमच्या विहिरीत भावानं काहीतरी टाकलंय, तेवढं नाव लिहून द्या." मी विचारलं, कशाचं नाव? म्हणाले, "भावाचं." दुसरे एकजण इंदापूरकडच्या एका गावातलं पाणी घेऊन आले. त्यांच्या मुलाला तिथली मुलगी सांगून आली होती आणि तिकडच्या लोकांचे दात पिवळे असतात असं त्यांनी ऐकलं होतं. फ्लोराइड निघालं नाही, लग्न झालं, पेढे आले. डाळ शिजत नाही म्हणून येणाऱ्या बाया तर रोजच्याच. अशा कामाचा मला अभिमान होता. तराजू, ब्यूरेट, काचेची भांडी सगळं हातासारखं वापरायची सवय झाली होती, आणि आमच्या कागदावर तालुक्याचा विश्वास होता.

या विश्वासामुळे एक माणूस गेला. ते मला लिहायचं आहे.

त्या माणसाचं नाव रशीदभाई. मोटारी वाइंड करायचे. बारामतीत त्यांचं छोटं दुकान होतं आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या विहिरींच्या मोटारी बसवणं, काढणं, खाली-वर करणं हे त्यांचं काम. आमच्या प्रयोगशाळेतला व्हॅक्युम पंप वर्षातून दोनदा तरी जळायचा, तोही तेच दुरुस्त करायचे. पंप उघडून बसले की बोलत राहायचे. "बाई, तुमच्या ह्या सगळ्या बाटल्यांत पाणीच हाय ना? आन् सरकार तुमाला पगार देतं?" मी म्हणायची, "तुम्हीही तांब्याची तारच गुंडाळता की." मग ते हसायचे. चहा बिनसाखरेचा घ्यायचे.

नव्वदीच्या दशकाच्या मधल्या एका उन्हाळ्यात हौसाबाई पहिल्यांदा आली. पिंपळीच्या पुढे, मोठ्या रस्त्याला लागून तिची वस्ती होती. तिच्या सासऱ्यापर्यंत त्यांच्या घरात मेंढरं होती. मग कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस आणि दोन जर्सी गाई आल्या. नवरा दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घर, गाई, शेत ती आणि तिचा दीर ज्ञानबा बघायचे. तिने रॉकेलच्या कॅनमधून पाणी आणलं होतं.

"बाई, पाण्याला वास येतुया. गाया तोंड लावत न्हाईत."

मी म्हटलं, "रॉकेलच्या कॅनमध्ये आणलंत तर वास येणारच. स्वच्छ बाटलीत आणा."

ती कॅन उचलून गेली. दोन दिवसांनी टेम्पोतून पुन्हा आली. या वेळी काचेची बाटली, घासूनपुसून, पण अर्धीच भरलेली, तोंडाला प्लॅस्टिकचा कागद आणि दोरा. बाहेर चैत्राचं ऊन. ती बाटली घेऊन मी नोंद केली आणि नेहमीप्रमाणे टेबलावर रांगेत ठेवली. आधीचे नमुने होते, तिचा नंबर दुसऱ्या दिवशी आला.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, नाहीतर माझी चूक कळणार नाही. पेट्रोल पाण्यात फारसं विरघळत नाही, पण त्यातले काही घटक, बेंझीन, टोल्युइन वगैरे, थोडे विरघळतात. ते पाण्यात राहायला मात्र तयार नसतात. जरा मोकळी जागा मिळाली की हवेत उडून जातात. म्हणून अशा पाण्याची बाटली काठोकाठ भरायची असते, झाकणाखाली हवेचा बुडबुडासुद्धा राहता कामा नये, आणि लगेच बर्फात ठेवायची. अर्ध्या बाटलीत पाणी दिलं, ती उन्हात हलत हलत आली आणि रात्रभर टेबलावर राहिली, की पेट्रोल वरच्या अर्ध्या हवेत जातं आणि तिथून दोऱ्याच्या फटीतून खोलीत. हे मी एम.एस्सी.ला शिकले होते. आमच्याकडे त्या तपासणीचं यंत्र नव्हतं, म्हणून ते ज्ञान वापरायची वेळ कधी आली नव्हती, एवढंच.

आमच्याकडे होती ती 'तेल व ग्रीस'ची चाचणी. पाण्यात द्रावक घालून हलवायचं, तेल असेल तर ते द्रावकात उतरतं. मग तो द्रावक बाजूला काढून वजन केलेल्या बशीत घ्यायचा, गरम पाण्यावर ठेवून उडवून टाकायचा आणि बशी पुन्हा तोलायची. वजन वाढलं तर तेल आहे. साखर कारखान्याच्या सांडपाण्यातलं वंगण, गॅरेजचं काळं ऑइल या चाचणीत बरोबर सापडतं. पण पेट्रोल? द्रावक उडवताना पेट्रोल त्याच्याबरोबरच उडून जातं. कढईत कापूर टाकायचा, कढई चांगली तापवायची आणि मग आत कापूर आहे का ते बघायचं, तसा प्रकार.

दुसऱ्या दिवशी मी बाटलीचा कागद काढला तेव्हा वास आला. अगदी पुसट. रॉकेलसारखा, पण रॉकेलचा नाही, जरा गोडसर. मी कच्च्या वहीत लिहिलं, 'वास : किंचित, इंधनासारखा.' आमचे साहेब शेजारीच होते. निवृत्तीला आलेले, सज्जन, कुणाला न दुखावणारे गृहस्थ. मी त्यांना बाटली हुंगायला दिली.

ते म्हणाले, "बाईच्या हाताला रॉकेल असेल. स्टोव्ह पेटवून निघाली असेल. आपण तेल-ग्रीस करू, येईल ते लिहू."

चाचणी केली. बशीचं वजन तसूभरही वाढलं नाही. मी पक्का रिपोर्ट लिहायला बसले. 'तेल व ग्रीस : आढळले नाही.' त्याच्या वर 'वास' असा रकाना होता. एकाच कागदावर वर 'इंधनासारखा वास' आणि खाली 'तेल आढळले नाही', हे मला विसंगत वाटलं. नीटनेटका कागद हा माझा अभिमानाचा विषय होता. मी वासाच्या रकान्यात लिहिलं, 'आक्षेपार्ह नाही.'

साहेबांनी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. ते माझं मी लिहिलं.

हौसाबाई कागद न्यायला आली तेव्हा तिने विचारलं, "म्हंजी पिऊ का?" मी म्हटलं, "कागदावर तरी काही दोष नाही." तिने कागद घडी घालून पिशवीत ठेवला. तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं. नाक तिलाही होतं. पण शिक्का आमचा होता.

पुढच्या पंधरवड्यात उन्हाळा वाढला. विहिरीचं पाणी खाली गेलं आणि मोटारीला ओढेना. आमच्याकडे विहिरीत आतल्या टप्प्यावर मोटार बसवलेली असते; पाणी उतरलं की ती खालच्या टप्प्यावर न्यावी लागते. त्यासाठी हौसाबाईने रशीदभाईंना बोलावलं. पुढचं मी ज्ञानबाकडून ऐकलं, नंतर हौसाबाईकडूनही.

दुपारची वेळ होती. वारा पडलेला. रशीदभाई विहिरीच्या काठावर आले आणि थांबले. म्हणाले, "वास कसला येतोय गं?"

हौसाबाई म्हणाली, "लई दिस झालं येतुया. पर तपासून आणलंय सरकारी दवाखान्यातनं." आमच्या प्रयोगशाळेला ती दवाखानाच म्हणायची. तिने घरात जाऊन तो कागद आणला. रशीदभाईंनी वाचला. खाली माझी सही होती.

"ह्या बाईंचा कागद हाय व्हय? मग काय न्हाय," असं म्हणून त्यांनी तो परत दिला.

ते फार काळजीने काम करणारे कारागीर होते. खाली उतरण्याआधी त्यांनी विहिरीजवळच्या खोपीतल्या पेटीतला फ्यूज स्वतः काढला आणि खिशात घातला, म्हणजे चुकून कुणी बटण दाबलं तरी करंट यायला नको. मग कमरेला दोर न बांधताच पायऱ्यांनी उतरले, कारण पायऱ्या चांगल्या होत्या आणि ते शेकडो वेळा असे उतरले होते. ज्ञानबा काठावर मोटारीचा दोर धरून उभा होता. खालून एकदा आवाज आला, "डोकं गरगरतंय रं." आणि मग पाण्यात पडल्याचा आवाज.

पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. वारा नसला की ती विहिरीत तळाशी भरून राहते. वरच्या माणसाला नुसता वास येतो. खाली उतरलेल्याला श्वासाला हवाच उरत नाही.

ज्ञानबा उडी टाकायला निघाला. हौसाबाईने त्याच्या कमरेला मिठी मारली आणि सोडली नाही. तो तिला मारत होता, ओढत होता, "सोड वहिनी, माणूस बुडतंय," म्हणत होता. तिने सोडलं नाही. का सोडलं नाही ते तिला सांगता येत नव्हतं. सोडलं असतं तर त्या दिवशी दोन मयती झाल्या असत्या, हे तिला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. पण त्या वेळी लोकांनी तिलाच नावं ठेवली. रशीदभाईंना गळ टाकून वर काढलं तेव्हा खिशात तो फ्यूज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानबा प्रयोगशाळेत आला. हातात तोच कागद. तो भांडायला आलेला नव्हता. त्याने कागद टेबलावर पसरला आणि बोट ठेवून विचारलं, "बाई, हितं वास न्हाय असंच लिवलंय ना? मला वाचता येतं, पर म्हटलं एकदा इचारावं. रशीदभाई गेलं काल."

मी त्याला खुर्ची दिली. त्यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही. नंतर शिपायाने सांगितलं की मी त्याला तीनदा पाणी विचारलं.

त्याच दिवशी मी साहेबांना न विचारता वस्तीवर गेले. इंजेक्शनच्या रबरी बुचाच्या काचेच्या बाटल्या एका औषध दुकानातून घेतल्या, बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा घेतला, लाकडाच्या भुश्यात बांधला. विहिरीवर पोलीस पाटील उभे होते, कुणाला जवळ जाऊ देत नव्हते. त्यांनी ज्ञानबाकडून बादलीने पाणी काढून दिलं. मी बाटल्या बादलीत बुडवून, पाण्याखालीच बूच लावून भरल्या. उलट्या करून पाहिल्या, बुडबुडा नव्हता. मग एस.टी.ने पुण्याला. माझी एक वर्गमैत्रीण तिथल्या कॉलेजात शिकवत होती आणि तिच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ होता.

हे यंत्र म्हणजे एका भट्टीत गुंडाळून ठेवलेली लांबच लांब बारीक नळी. बाटलीतलं थोडं पाणी काढून वर जागा करायची, बाटली बंदच ठेवून कोमट करायची, म्हणजे उडणारे घटक वरच्या हवेत जमतात. ती हवा सुईने ओढून नळीच्या तोंडाशी सोडायची. वायूच्या झोताबरोबर सगळे घटक निघतात, पण हलके पुढे पळतात आणि जड मागे रेंगाळतात. शेवटी एक छोटी ज्योत असते. घटक ज्योतीत पोचला की कागदावरचं पेन उंच उठतं, एक शिखर काढतं आणि पुन्हा खाली येतं. पेट्रोलची शिखरं सुरुवातीलाच दाटीवाटीने येतात, रॉकेलची त्यानंतर, डिझेलची फार उशिरा.

मैत्रिणीने सुई टोचली. मिनिटभर पेन सरळ रेघ ओढत होतं. मग उठलं, आणि उठतच गेलं, कागदाच्या वरच्या कडेला जाऊन आपटलं. ती म्हणाली, "अगं, हे पाणी आहे की काय आहे?"

इतकी वर्षं काम केलं, पण एखादा निकाल इतका स्वच्छ आणि इतका उशिरा आलेला मी पाहिला नव्हता.

विहिरीपासून शेत ओलांडलं की रस्त्याला एक पेट्रोल पंप होता. मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं, "शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, इंजिनं असतात, सांडलं असेल काहीतरी." ट्रॅक्टर डिझेलवर चालतात आणि आमच्या कागदावर डिझेलची उशिराची शिखरं नव्हतीच. तरी मी त्यावर थांबले नाही. ज्ञानबाने हाताने फिरवायच्या गिरमिटाने पंपापासून विहिरीपर्यंत एका ओळीत भोकं पाडली. पुरुषभर खोलीवरची माती वर आली की मी ती क्षणाचाही वेळ न घालवता बरणीत दाबून भरायची आणि बूच लावायची. माती उघडी राहिली की तीही वास सोडते आणि पुरावा हवेत जातो. त्या दिवसांत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये शिसं घातलेलं असायचं, म्हणून तेही तपासून घेतलं. पंपाजवळच्या मातीत शिखरं सर्वात उंच, विहिरीकडे येताना हळूहळू उतरत गेलेली, आणि शिसंही त्याच क्रमाने. या वेळी मी वासाचा रकाना सोडला नाही. प्रत्येक बरणीपुढे जे नाकाला आलं तेच लिहिलं.

पंपाची जमिनीखालची टाकी उकरली तेव्हा तिच्या पोटाला, खालच्या बाजूला, गंजून बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. पंप बंद झाला, नवी टाकी बसली, काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाला. हौसाबाईची विहीर मात्र परत वापरात आली नाही. ऊस गेला. गाईंना पाणी लांबून आणावं लागलं.

माझीही चौकशी झाली. पुण्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी एकच मुद्दा विचारला : तेल-ग्रीसची चाचणी पुस्तकातल्या पद्धतीप्रमाणे केली होती का? मी म्हटलं, केली होती. साहेबांनीही तसंच सांगितलं. कच्ची वही कुणी मागितली नाही आणि मी दाखवली नाही. तीन ओळींचा निकाल आला, प्रयोगशाळेचा दोष नाही. साहेबांनी मला पेढा दिला. मी तो तोंडात घातला आणि बाहेर जाऊन थुंकले.

त्यानंतर तेल-ग्रीसच्या प्रत्येक रिपोर्टवर मी हाताने एक ओळ लिहायला लागले, 'या पद्धतीने पेट्रोल ओळखता येत नाही.' नंतर आलेल्या एका साहेबांना ते आवडत नसे. म्हणायचे, आपणच आपली कमतरता कशाला सांगायची? मी लिहीत राहिले.

पण एक काम उरलं होतं. दोन महिने मी ते टाळलं. शेवटी एका रविवारी रशीदभाईंच्या घरी गेले. दुकान बंद होतं, मागे घर. त्यांच्या पत्नी, जुबेदाबी, दारात सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "वळखते की. पाणी तपासायच्या पंपवाल्या बाई. तुमचं लई नाव काढायचे."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बाटली अर्धी होती, मी ती रात्रभर ठेवली, मला वास आला होता, वहीत लिहिला होता आणि कागदावर मात्र लिहिला नाही.

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"वास आला व्हता तुमाला?"

"हो."

"मग लिवलं का न्हाय?"

कागद नीटनेटका दिसावा म्हणून, असं मी त्या बाईला कसं सांगणार? पण तेच सांगितलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मला वाटलं, आता जा म्हणतील. त्या म्हणाल्या, "हे हौसाला सांगितलं का?"

"नाही."

"तिला सांगा. तिनं कागद दावला म्हणून ते उतरले, असं ती धरून बसलीया. परवा आली व्हती, माझ्या पाया पडाया लागली. ज्ञानबा म्हनतो, ताटावर बसती आन् तशीच उठती. वाळून काटकी झालीया. माझी माफी मागाया येण्याआधी तिच्याकडं जायाचं व्हतं तुमी." मग त्यांनी सूप पुन्हा उचललं. "माझं मी बघीन. जावा."

त्यांनी मला माफ केलं की नाही ते मला आजही ठाऊक नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

तिथून तशीच वस्तीवर गेले. हौसाबाई गोठ्यात शेण काढत होती. मला बघून घाबरली, वाटलं आणखी काही निघालं की काय. मी तिला बाजेवर बसवलं आणि जे जुबेदाबींना सांगितलं ते पुन्हा सांगितलं, या वेळी सोप्या शब्दांत. पाण्यात पेट्रोल पहिल्यापासून होतं. तुम्हाला वास आला तो खरा होता. मलाही आला होता. मी खोटं लिहिलं.

"म्हंजी तो कागदच चुकीचा व्हता?"

"हो."

"मी दावला नसता तर..."

"तुम्ही दाखवला, कारण मी तो दिला. हौसाबाई, यात तुमचं काही नाही. माझं आहे."

ती एकदम तोंडाला पदर लावून रडायला लागली, मोठ्याने, लहान मूल रडतं तशी. ज्ञानबा शेतातून धावत आला आणि दारातच उभा राहिला. मी तिच्या पाठीवर हात ठेवावा की नाही ते मला कळत नव्हतं. ठेवला नाही.

रडणं थांबलं तेव्हा तिने हातपाय धुतले, चूल पेटवली आणि परातीत पीठ घेतलं. मी निघते म्हटलं, तर मान वर न करता म्हणाली, "बसा." तिने भाकरी थापल्या, कांदा फोडला, ठेचा काढला, तीन ताटं वाढली. मग स्वतः माझ्यासमोर बसली आणि पहिला घास मोडला. ज्ञानबा खाली मान घालून तिच्याकडे चोरून बघत होता. तिने एक भाकरी संपवली आणि दुसरी घेतली.